सांगाव्याची चाल

आमच्या गावात माणूस धावताना दिसला की बघणारा हातातलं काम टाकून उभा राहायचा. धावणं म्हणजे कोणीतरी गेलं, कोणाला साप चावला, कुठे गंजी पेटली, नाहीतर बाळंतीण अडली. याखेरीज कोणी धावतं असं आम्हाला माहीतच नव्हतं. शाळेतली पोरं पळायची, पण तीही मास्तरच्या छडीला भिऊन. त्यामुळे साठ सालानंतरच्या एका हिवाळ्यात मी पातूर रोडवर पहाटे धावायला लागलो, तेव्हा पहिल्याच दिवशी कापसाच्या गाडीवरल्या एका म्हाताऱ्यानं बैल थांबवले आणि विचारलं, "कोन गेलं रे?"

मी म्हटलं कोणी नाही. त्याचा विश्वास बसला नाही. कोणी गेलं नाही तर धावतोस कशाला, घरी सगळे बरे आहेत ना, असं त्यानं उलटसुलट विचारलं. शेवटी मी पोलीस भरतीचं सांगितलं, तर तो आणखीच बुचकळ्यात पडला. धावायचं ते चोरानं, पोलिसानं कशाला, असं पुटपुटत त्यानं गाडी हाकली. हसण्यासारखंच होतं ते, पण मला हसू आलं नाही. माझ्या छातीत त्या वेळी खरोखरच कोणी गेल्यासारखी धडधड चालली होती, आणि अजून तर मी पहिल्या वळणापर्यंतही पोचलो नव्हतो.

मी जन्माचा काळजीखोर. पण त्या वर्षी काळजीला कारणही होतं. आदल्या साली मी अमरावतीला भरतीला गेलो होतो. मॅट्रिक झालेला होतो, उंची बसली, छाती बसली. मग मैलभर धावायला उभं केलं. मैदानाला चुन्याची रेघ मारलेली, तिच्या आतून चार फेऱ्या. शिट्टी वाजली तसा मी जीव घेऊन पळालो. पहिली फेरी सगळ्यांच्या पुढे होतो. दुसऱ्या फेरीत डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि तिसरीत मी रेघेवर ओणवा होऊन ओकत होतो. ज्यांना मागे टाकलं होतं ते एकेक जण बाजूनं निघून जात होते. एकानं तर जाता जाता "बसा पाहुणे" म्हटलं. त्याचं तोंड मला अजून आठवतं आणि अजून त्याचा राग येतो.

आता अकोल्याची भरती होती आणि ही हुकली तर पुढची वाट आधीच ठरलेली होती. मामा अकोल्याला कापसातली सरकी काढणाऱ्या जिनात कामाला होता. दिवसभर कापूस उपसून उपसून त्याच्या केसांत, भुवयांत, कानांतसुद्धा रुईचा तूस बसलेला असायचा. तो बोलायला लागला की आधी खोकायचा. खोकून झालं की सांगायचा, तुझ्यासाठी मुकादमाशी बोलून ठेवलंय, काळजी करू नको. माणूस मायाळू होता, पण त्याचं हे वाक्य ऐकलं की मला घाम फुटायचा. त्याचं वय माझ्या बापापेक्षा कमी होतं आणि पायऱ्या चढताना तो दोनदा बसायचा. मला पोलिसात जायचं होतं ते काही रुबाबासाठी नव्हे. मला त्या जिनाच्या दारातून आत जायचं नव्हतं, एवढंच होतं.

म्हणून मी धावायला लागलो, आणि बापाला कळू नये म्हणून अंधारात धावायला लागलो. माझ्या बाला धावण्याचा राग होता. तो का, हे सांगायला हवं.

छप्पनच्या दसऱ्याला बा नागपूरला जाऊन आला आणि आमच्या घरानं धम्म घेतला. त्याआधी त्याच्या वाट्याला महारकी होती, आणि महारकीतलं त्याचं मुख्य काम म्हणजे मयतीचा सांगावा नेणं. गावात कोणी गेलं की पाटलाचा माणूस आमच्या दारात येऊन नाव सांगायचा, आणि बा जेवत असला तरी उठायचा. घुंगराची काठी घ्यायचा, धोतर आवळायचा आणि त्या घरच्या सोयऱ्यांच्या गावोगाव धावत जायचा. ऊन असो की पाऊस असो. पोचल्यावर वेशीबाहेर नाहीतर अंगणाच्या कडेला उभं राहून सांगायचं, वरून ओंजळीत पाणी टाकलं तर प्यायचं, कोरडी भाकर दिली तर बांधून घ्यायची आणि परत फिरायचं. मी लहानपणी एकदा हट्टानं त्याच्या मागे गेलो होतो. दुरून काठीचा आवाज ऐकूनच एका घरातली बाई ऊर बडवायला लागली. कोण गेलं हे तिला अजून कळलंही नव्हतं. आणि रडता रडता तिनं शिव्या दिल्या त्या बाला, मरणाऱ्याला घेऊन गेलेला जणू हाच. बा खाली मान घालून उभा होता. त्याला बघून कोणाचा चेहरा फुललेला मी कधी पाहिला नाही.

नागपूरहून आल्यावर त्यानं ते काम सोडलं. काठीची घुंगरं काढून टाकली आणि मायनं ती काठी चुलीत घातली. गावानं काही दिवस त्रास दिला, कामाला बोलवेनात, पण बा बधला नाही. आता आमी कोनासाठी धावत नाई, एवढंच तो म्हणायचा. नंतर तो मजुरीला जाताना, बाजाराला जाताना, पावसात सापडला तरीसुद्धा सावकाश चालायचा. त्याला घाई करताना बघायचं म्हणजे अवघडच.

अशा माणसाचा मुलगा पहाटे पहाटे धावतोय हे लपणार किती दिवस? त्या गाडीवाल्या म्हाताऱ्यानंच गावात सांगितलं असावं. एका सकाळी मी धापा टाकत आलो तर बा दारात बसलेला होता. त्यानं माझ्या पायांकडे पाहिलं. मग मायला ऐकू जाईल असं म्हणाला, "काठी जाळली तं पोरगं धावून राहिलं."

मी भरतीचं सांगितलं. त्याला ते ठाऊक होतं. सरकारनं धाव म्हटलं म्हणून धावायचं आणि पाटलानं धाव म्हटलं म्हणून धावायचं यात फरक काय, असं त्यानं विचारलं. पगार मिळतो, असं काहीतरी बोललो. तो उठून मजुरीला निघून गेला आणि आठवडाभर माझ्याशी धड बोलला नाही.

इकडे माझं धावणं सुधारायचं नावच घेत नव्हतं. रोज मी आमच्या गावच्या फाट्यावरून सुटायचो तो पिसाळल्यासारखा, आणि थोड्याच वेळात बरगडीत कळ येऊन बांधावर आडवा. मग उठून परत तसाच सुटायचो. मला वाटायचं, जितकं जास्त दमू तितकं लवकर जमेल. नडग्यांना सूज आली. रात्री माय आंबेहळद लावायची आणि काही बोलायची नाही. तुरीच्या शेतात वाकलं की पाय थरथरायचे. भरती जवळ येत होती, आणि मी पहिल्या दिवशी जिथवर जात होतो त्याच्याही अलीकडे बसायला लागलो होतो. झोपेत मला मामाचा खोकला ऐकू यायचा.

शेवटी मायनंच तोंड उघडलं. लेप लावता लावता ती बाला म्हणाली की तुमी जन्मभर धावले, पोराले दोन गोष्टी सांगाल तं जीभ झडन काय. बा दोर वळत बसला होता. तो तसाच वळत राहिला. पण दुसऱ्या दिवशी पहाटे मी फाट्यावर गेलो तर तो तिथे आधीच उभा होता, डोक्याला पटका गुंडाळून, थंडीनं हात काखेत घालून.

धावून दाखव म्हणाला. मी धावलो. रस्त्याकडच्या पहिल्या निंबाच्या झाडापर्यंत गेलो असेन नसेन, त्यानं हाक मारून परत बोलावलं.

"असं तं घर पेटल्यावर धावते," तो म्हणाला. "तुहं घर पेटलं काय?"

मी म्हटलं, मग सांगावा घेऊन तू कसा धावायचास? तेव्हा तो पहिल्यांदा थोडा हसला. म्हणाला, लोकांना वाटतं सांगावा नेणारा जीव तोडून पळतो, पण तसा पळाला तर पहिल्याच गावाच्या शिवेत पडेल, आणि पुढची गावं तर बाकीच असतात. त्याची चाल दुडकी असते. पाऊल आखूड, टाच हलकी, खांदे सैल. इतकं हळू की बाजूनं चालणाऱ्यालाही वाटावं, आपण याला गाठू. आणि त्यानं ती चाल चालून दाखवली. काठी सोडल्यानंतर इतक्या वर्षांत त्याला धावताना मी पहिल्यांदा बघत होतो. चार पावलंच धावला तो, आणि मग भान आल्यासारखा थांबला.

त्या दिवसापासून तो रोज फाट्यावर येऊन बसायचा. स्वतः धावायचा नाही, बसून बोलायचा. पुढे मी नव्या भरतीच्या कितीतरी मुलांना धावायला लावलं, पण त्यांना सांगितलं ते सगळं बाचंच होतं. सुरुवातीला एका निंबापर्यंत धाव आणि पुढच्या निंबापर्यंत चाल, आणि चालायला लागलास म्हणून लाजू नको. धावता धावता तोंडानं दोन शब्द बोलता येत नसतील तर तू जास्त धावतोयस. भाकर खाऊन लगेच निघू नको. काळ्या मातीत धावू नको, भेगेत पाय गेला की घोटा गेलाच, त्यापेक्षा गाडीवाटेच्या फुफाट्यातून धाव. पाय दुखले तर दुसऱ्या दिवशी नुसता फिरून ये, धावू नको, तोही धावण्यातलाच दिवस धर. आणि दम तुटला तर उभा राहू नको, हळू हो, पण पाऊल चालू ठेव, दम आपला आपण परत येतो.

हे शेवटचं मला सगळ्यांत अवघड गेलं. कारण माझी तक्रार पायांची नव्हतीच. धावायला लागलो की छातीत ती जुनी धडधड सुरू व्हायची, काहीतरी वाईट झालंय आणि मी पोचायला उशीर करतोय अशी. मी ती बाला सांगितली. वाटलं, हसेल. तो हसला नाही. म्हणाला, "मले बी होये. वर्षानुवर्षं होये. मंग मी मनात मनो, गेला तो गेला, माह्या धावन्यानं तो परत येत नाई. तवा कुठं पाय मोकळे होत."

मी तसं मनात म्हणून पाहिलं. जमलं असं नाही म्हणत, पण धडधड थोडी मागे राहायला लागली. संक्रांत झाली तोवर मी फाट्यापासून ओढ्यापर्यंत न थांबता जाऊ लागलो. गाडीवाल्यांना सवय झाली. एखादा नवखाच तेवढा विचारायचा, कोण गेलं म्हणून.

आणि मग, सगळं सुरळीत होतंय असं वाटताना, माय तापानं पडली. पातूरच्या डॉक्टरनं मुदतीचा ताप सांगितला. मुदत भरली की उतरेल, नाही उतरला तर मग बघू, असं म्हणाला, आणि ते "मग बघू" माझ्या डोक्यात जे बसलं ते निघेना. मुदत भरायची ती नेमकी भरतीच्या आसपास. मायचं तोंड एवढंसं झालं होतं. मी म्हटलं, मी जात नाही. तिला बोलायचीही ताकद नव्हती, पण तिनं माझं मनगट धरलं आणि जिनाचं नाव घेतलं. तेवढं पुरलं.

भरतीच्या आदल्या दुपारी अकोल्याला मामाकडे मुक्कामाला निघालो. बा फाट्यापर्यंत आला. मी त्याला म्हटलं, काही झालं तर कोणाकरवी कळव.

"काई झालं तं मीच येईन," बा म्हणाला.

त्यानं ते धीर देण्यासाठी म्हटलं असणार. मला मात्र त्यानंतर तेच तेवढं ऐकू येत राहिलं. मामाच्या खोलीत रात्रभर मी दाराकडे कान देऊन पडलो होतो. मामा खोकला की दचकायचो. कोणी आलं नाही. सकाळी मैदानावर गेलो तेव्हा मनात एकच होतं, बा दिसला नाही म्हणजे सगळं ठीक आहे.

अकोल्याचं मैदान अमरावतीसारखंच, तीच चुन्याची रेघ, त्याच चार फेऱ्या. रेघेबाहेर पाऊल पडलं की बाद, असं साहेबांनी दोनदा बजावलं. वेळ संपल्याची शिट्टी होईल, तिच्या आत जे पोचतील ते पास. शिट्टी झाली आणि सगळे सुटले. मी आखूड पावलानं निघालो आणि सगळ्यांत मागे पडलो. कडेला उभ्या असलेल्या पोरांनी दात काढले. एकानं हा बैलगाडीतून आलाय का असं विचारलं. मी तोंडातल्या तोंडात दोन शब्द बोलून पाहत होतो, आणि ते येत होते. दुसऱ्या फेरीत पुढचे दमायला लागले. मी एकाला मागे टाकलं, मग आणखी दोघांना. तिसऱ्या फेरीत मला पहिल्यांदा वाटलं की हे होणार.

आणि तेव्हाच फाटकाजवळच्या निंबाखाली बा दिसला.

तो धावत येत होता. पटका सुटून खांद्यावर आलेला, धोतर आवळलेलं, पाऊल आखूड, टाच हलकी. ती चाल ओळखायला मला त्याचं तोंड बघायची गरज नव्हती. मी थांबलो नाही, माझे पायच थांबले. कोणीतरी माझ्या पाठीवर आदळून पुढे गेला. बानं दोन्ही हात वर केले आणि काहीतरी ओरडला, पण त्याला दम लागलेला, मला शब्द कळला नाही. माय गेली, असंच मी धरलं. मी रेघेकडे वळलो. भरती, जिन, काही डोक्यात राहिलं नाही. रेघेला माझा अंगठा लागला असेल, एवढ्यात बा पलीकडून अगदी समोर आला.

"कोनी गेलं नाई," तो म्हणाला. "ताप उतरला तिचा. तू चाल."

मला ते खरं वाटेना. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. तो मात्र थांबला नाही, रेघेच्या बाहेरून त्याच चालीनं पुढे निघाला, मला बरोबर घ्यावं तसा. मग माझंही पाऊल उचललं. एवढा वेळ गेलेला पाहून मी जोरात सुटायला गेलो, तर तो बाहेरून म्हणाला, आत्ताच नको, आधी दम येऊ दे. एका शिपायानं त्याला हटकलं आणि मागे सारलं. मी एकटाच पुढे गेलो. रडत होतो की घाम होता, सांगता येणार नाही. शेवटची फेरी कशी झाली ते खरंच आठवत नाही. शिट्टी वाजली तेव्हा मी चौथी फेरी पुरी करून पोचलो होतो आणि माझ्या मागून कोणी वेळेत पोचलं नाही. नाव घेतलं ते सगळ्यांत शेवटी, पण घेतलं.

बा निंबाखाली बसला होता. मी गेलो आणि आनंद राहिला बाजूला, मला त्याचा संतापच आला. अडीच-तीन कोस धावत यायची काय गरज होती? पहिली एस.टी. होती. नाहीतर संध्याकाळी मी घरी येणारच होतो, तेव्हा कळलं असतं. तुला असं येताना बघून माझा जीव जायची वेळ आली, सगळं घालवून बसलो असतो, एवढंही तुला समजू नये का? मी असं बरंच बोललो. तो पटक्यानं पाय पुसत होता. टाचांच्या भेगांतून रक्त आलं होतं.

"पहाटे तिनं डोळे उघडले अन् भाकर मांगतली," तो म्हणाला. "मंग मले बसवलंच नाई. जन्मभर मयतीचेच सांगावे नेले रे. एक तं चांगला न्यावा मनलं."

मैदानाच्या कोपऱ्यात माठ होता, त्यातून गडू भरून आणला आणि त्याच्या हातात दिला. त्यानं गडू तोंडाला लावून सगळं पाणी पिऊन टाकलं. मग आठवल्यासारखं विचारलं, माझं काय झालं. मी पास झालो म्हटलं. त्यानं रिकामा गडू खाली ठेवला आणि उठलाच. एस.टी.ला अजून वेळ होता. चाल, तुह्या मायले सांगू म्हणाला. माझे पाय गेले होते, त्याचे सोललेले होते, तरी अकोला मागे पडल्यावर तो दुडक्या चालीनं निघाला आणि मीही त्याच्या बरोबरीनं निघालो.

ओढ्याच्या अलीकडे समोरून कापसाची गाडी आली. बाप-लेक दोघंही धावत येताना पाहून गाडीवाल्यानं घाबरून बैल आवरले आणि विचारलं, कोन गेलं बापा?

"कोनीच नाई," बा म्हणाला, आणि थांबला नाही.